बोआ, ओरिकॉन आणि पाचव्या नंबरचं गाणं

१६ मार्च २००५ ला जपानमधल्या शिमाने प्रांताच्या विधानसभेने ठरवलं की दरवर्षी २२ फेब्रुवारीला 'ताकेशिमा दिवस' पाळायचा. ताकेशिमा म्हणजे जपान आणि कोरियाच्या मधल्या समुद्रातली दोन खडकाळ बेटं आणि त्यांच्याभोवतीचे सुळके. कोरियन लोक त्याला दोक्दो म्हणतात, ताबा कोरियाकडे आहे आणि हक्क दोघंही सांगतात. ठराव झाला आणि सोलमध्ये निदर्शनं, घोषणा, जपानी झेंडे जाळणं वगैरे सगळं सुरू झालं. गंमत अशी की ते वर्ष दोन्ही सरकारांनी मिळून मैत्रीचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं, १९६५ च्या कराराला ४० वर्षं झाली म्हणून. आणि बरोबर दोन आठवड्यांनी, ३० मार्चला, बुधवारी, १८ वर्षांच्या एका कोरियन मुलीचं नवं जपानी सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी सीडी, दुकानात आलं आणि त्या आठवड्याच्या ओरिकॉनवर, म्हणजे जपानच्या सीडीविक्रीच्या चार्टवर, सरळ एक नंबरला जाऊन बसलं.

मुलगी म्हणजे बोआ. गाणं 'डू द मोशन'.

मला या दोन तारखांचं जाम कुतूहल आहे. म्हणजे टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्यांमध्ये झेंडे जळतायत आणि त्याच टीव्हीवर दहा मिनिटांनी मेकअपच्या जाहिरातीत हे गाणं वाजतंय आणि सीडी घ्यायला गेलेल्या कॉलेजच्या पोरींच्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्याच नाहीत. बोआची सीडी आली, घेतली, संपलं. हे कसं काय झालं असेल? आपल्याकडे क्रिकेटची मॅच हरली तरी पलीकडच्या गायकाचं गाणं स्टेटसला ठेवणाऱ्याला चार लोक टोमणे मारतात.

आता आपल्याकडच्या के-पॉपवाल्या पोरापोरींना विचारलं तर सगळं बीटीएसपासून सुरू होतं, फारच जुना माणूस असेल तर 'गंगनम स्टाईल' पर्यंत जातो. माझी भाची तर बोआ म्हटल्यावर "ती टीव्ही शोमधली जज ना?" म्हणाली. मी काही बोललो नाही. पण तिला जे सांगायचं होतं ते इथे लिहून टाकतोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

क्वोन बोआ, जन्म १९८६ चा, ५ नोव्हेंबर. ९८ मध्ये तिचा मोठा भाऊ एस एम एंटरटेनमेंट या कोरियन म्युझिक कंपनीच्या ऑडिशनला गेला, ही त्याच्या मागे मागे गेली आणि कंपनीच्या लोकांची नजर भावावरून सरकून हिच्यावर थांबली. वय ११. तो काळ लक्षात घ्या, ९७ च्या शेवटी कोरियाची अर्थव्यवस्था कोसळलेली, आयएमएफकडून कर्ज घेतलेलं, लोक घरातलं सोनं सरकारला नेऊन देतायत. कोरियाचं म्युझिक मार्केट आधीच छोटं, आणि शेजारी, विमानाने दोन-अडीच तासांवर, अमेरिकेनंतर जगातलं सगळ्यात मोठं मार्केट. ९८ हे वर्ष तर जपानी सीडीधंद्याचं सर्वोच्च वर्ष होतं, त्यानंतर आलेख खालीच आलाय. ९९ मध्ये उतादा हिकारू या जपानी गायिकेचा 'फर्स्ट लव्ह' हा अल्बम आला आणि ७० लाखांच्या वर विकला गेला, तो रेकॉर्ड जपानमध्ये आजपर्यंत कोणी मोडलेला नाही. एस एम चे मालक ली सू-मान यांनी हे बघून ठरवलं की तिकडे जायचं. त्यांच्याच कंपनीचा एस.ई.एस. हा मुलींचा ग्रुप ९८ मध्ये जपानला जाऊन आला होता, फारसं काही हाती लागलं नाही. मग यावेळी त्यांनी पद्धत बदलली, तयार कोरियन स्टार जपानला न्यायचा नाही, एक लहान मुलगी घ्यायची आणि तिला पहिल्यापासूनच जपानसाठी घडवायची. दोन वर्षं नाच, गाणं, जपानी, इंग्लिश. शाळेला सुट्टी लागली की जपानमध्ये जाऊन राहायचं.

इथे मी प्रत्येक वेळी अडखळतो. गाणी आवडतात, मनापासून आवडतात, पण ११ वर्षांच्या मुलीचा असा बिझनेस प्लॅन करणं मला अजून पचलेलं नाही, आणि पुढे सगळं छान झालं म्हणून ते बरोबर ठरतं असंही मला वाटत नाही. ज्यांचं छान झालं नाही अशा मुलींची नावं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत ना.

असो. २५ ऑगस्ट २००० ला कोरियात पहिला अल्बम, तेव्हा ती १३ वर्षांची. ठीकठाक चालला. मग ३० मे २००१, जपानमध्ये एव्हेक्स ट्रॅक्स या लेबलवर पहिलं सिंगल, 'आयडी. पीस बी', कोरियन गाण्याचंच जपानी रूप. ओरिकॉनवर २० वा नंबर. दुसरं सिंगल, 'अमेझिंग किस', २३ वा. म्हणजे खालीच गेली. वर्षाच्या शेवटी तिसरं आलं ते १५ वर.

आणि २००१ हे वर्ष कसलं होतं बघा. एप्रिलमध्ये जपानने इतिहासाचं एक पाठ्यपुस्तक मंजूर केलं, त्यात युद्धकाळातले अत्याचार पुसट केलेत म्हणून कोरियाने राजदूत परत बोलावला. जुलैमध्ये कोरियाने जपानी संस्कृतीसाठी हळूहळू दारं उघडायचा जो कार्यक्रम चालवला होता तो थांबवला. ऑगस्टमध्ये पंतप्रधान कोइझुमी यासुकुनी मंदिरात जाऊन आले, तिथे युद्धात मेलेल्यांबरोबर युद्धगुन्हेगारांचीही नोंद आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध ही १४ वर्षांची पोरगी रेडिओ स्टेशनांवर जाऊन, हसून, वाकून, नुकत्याच शिकलेल्या जपानीत "मी बोआ, कृपया लक्ष असू द्या" म्हणत फिरतेय.

दारं उघडायच्या कार्यक्रमाचं जरा सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जपानी राजवटीची ३५ वर्षं सोसलेल्या कोरियाने १९४५ नंतर जपानी गाणी, सिनेमे, सगळ्यालाच बंदी घातली होती. ऑक्टोबर ९८ पासून किम दे-जुंग सरकारने ती टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली. पण जपानी भाषेतल्या गाण्यांच्या सीडी विकायला परवानगी मिळाली ती थेट जानेवारी २००४ मध्ये! म्हणजे बोआ जपानमध्ये दहा लाख सीडी विकत होती, कोरियन पेपर तिचं कौतुक पहिल्या पानावर छापत होते, आणि तिच्या स्वतःच्या गावात तीच सीडी दुकानात ठेवायला बंदी होती. कंपनीने मग प्रत्येक मोठ्या जपानी गाण्याचं कोरियन रूप करून अल्बममध्ये घातलं. 'लिसन टू माय हार्ट', 'व्हॅलेंटी', दोन्हीची दोन-दोन रूपं आहेत ती त्यामुळे. 'नंबर वन' मात्र उलट्या दिशेने गेलं, आधी कोरियन, एप्रिल २००२ मध्ये, आणि मग जपानी. गाणं चंद्राला सांगितलेलं गाऱ्हाणं आहे आणि चाल बांधणारा माणूस नॉर्वेचा. त्या वर्षी कोरियात तिला एसबीएस या टीव्ही वाहिनीचा सर्वोच्च संगीत पुरस्कार मिळाला, वय १६. आधी तिच्याकडे जरा थंडपणे बघणारा देश, जपानमध्ये जिंकून आल्यावर एकदम "आपली पोरगी" म्हणायला लागला. हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

जपानमध्ये खरं वळण आलं जानेवारी २००२ मध्ये, 'लिसन टू माय हार्ट' हे सिंगल पहिल्या पाचात गेलं. मग १३ मार्चला त्याच नावाचा अल्बम, आणि तो पहिल्याच आठवड्यात एक नंबर. कोरियन कलाकाराचा अल्बम ओरिकॉनच्या डोक्यावर जाण्याची ही पहिलीच वेळ. पुढे तो दहा लाखांवर गेला. गाणारी १५ वर्षांची.

हे का चाललं याच्यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय, माझं मत साधं आहे. बोआच्या आधी जपानमध्ये कोरियन गायक नव्हते असं अजिबात नाही. चो योंग-पिल होते, त्यांचं बुसान बंदराचं गाणं जपानमध्ये घराघरात माहीत होतं आणि ८७ मध्ये ते टीव्हीवर वर्षाच्या शेवटच्या रात्री होणाऱ्या कोहाकू या गाण्यांच्या कार्यक्रमात गायले. के उन-सुक होत्या, किम योन-जा होत्या. पण ही सगळी एन्का मंडळी. एन्का म्हणजे बंदर, बोट, पाऊस, दारूचा ग्लास, सोडून गेलेला माणूस, आणि आवाजात तो विशिष्ट कंप. जपानी श्रोत्याच्या मनात कोरियन आवाजासाठी एक खुर्ची ठेवलेली होती आणि ती तिथेच होती, दुःखी बाई किंवा दुःखी पुरुष, वय चाळीसच्या पुढे. बोआ त्या खुर्चीवर बसलीच नाही. ती आली ती थेट हामासाकी आयुमी आणि आमुरो नामिए या बड्या जपानी पॉप गायिकांच्या रांगेत, त्यांच्याच लेबलवर. गाणी लिहिणारे जपानी, चाली देणारे बरेचसे जपानी, 'लिसन टू माय हार्ट' आणि 'व्हॅलेंटी' दोन्हीला चाल एकाच माणसाची, हारा काझुहिरोची. टीव्हीवर दुभाषा नाही, स्वतः बोलते, विनोद कळतो, उलट उत्तर देते. दुकानात तिच्या सीडी जे-पॉपच्या, म्हणजे जपानी पॉपच्या कप्प्यात. तिथे 'ब' च्या खणात, जपानी बँडांच्या मधे.

उच्चारांवरून आठवलं, लताबाईंचा तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे, दिलीपकुमार म्हणाले मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो आणि मग लताबाईंनी शिक्षक लावून उर्दू शिकून घेतली. बोआचं काम अजून अवघड होतं कारण तिची परीक्षा घेणारा शेजारी तिच्या आजोबांच्या पिढीला जबरदस्तीने हीच भाषा शिकवून गेला होता. माझ्या एका जपानी सहकाऱ्याला मी विचारलं, गाण्यात ती परदेशी आहे हे कळतं का? तो विचारात पडला आणि म्हणाला, सुरुवातीच्या गाण्यांमध्ये 'झ' ऐक, बाकी नाही. मी ऐकलं, मला काही कळलं नाही. माझं जपानी पुण्याचं आहे.

हो, ते सांगायचं राहिलं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची केवढी मोठी गर्दी आहे हे तुम्हाला माहितीच असेल, परीक्षेच्या रविवारी ती सगळी एका आवारात दिसते, आणि त्यातली अर्धी मुलं अ‍ॅनिमेमुळे आलेली असतात. मीही त्यातलाच. 'इनुयाशा' च्या फाईल्स कोणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आल्या होत्या आणि एपिसोड संपल्यावर जे गाणं लागायचं ते आम्ही कोणी कापायचो नाही, 'एव्हरी हार्ट, मिन्ना नो किमोची'. हळू, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. क्लासमध्ये आम्ही ते वहीत उतरवून काढायचो, ऐकून शब्द लिहायचे आणि मग कोणाचं बरोबर यावर भांडायचं. गाणारी कोरियन आहे आणि तेव्हा तिला जपानी शिकायला लागून फार वर्षं झालेली नव्हती, हे आम्हाला कितीतरी नंतर कळलं. एक मैत्रीण तेव्हा चिडूनच म्हणाली, "म्हणजे आपल्याला ज्या बाईकडून उच्चार शिकायचे होते ती पण विद्यार्थीच होती की रे!" मला तर त्यामुळे ते गाणं जास्तच आवडायला लागलं. आणि ओरिकॉनवर ते गाणं किती वर गेलं? १० व्या नंबरपर्यंत. जपानच्या बाहेर, अख्ख्या जगात, बोआचं नाव न कळता तिचा आवाज जितक्या लोकांनी ऐकलाय त्यातले निम्मे तरी या दहाव्या नंबरच्या गाण्यातून आले असतील, असा आपला माझा अंदाज.

ओरिकॉनची भानगड थोडक्यात सांगतो कारण तिथे सगळा खेळ आहे. त्या काळी हा चार्ट म्हणजे निव्वळ विक्री, किती सीडी खपल्या तेवढंच. सोमवार ते रविवार मोजायचं आणि पुढच्या मंगळवारी यादी. सिंगल बुधवारी निघतं, पण दुकानांत माल मंगळवारी दुपारीच येतो आणि कट्टर फॅन तेव्हाच जाऊन उचलतात, त्याला 'फुरागे' म्हणतात. त्यामुळे पहिल्या आठवड्याला जीव लावायचा, आपल्याकडे सिनेमाचं पहिल्या तीन दिवसांचं कलेक्शन बघतात तसं. आणि लेबलवाले तारखा बघून सोडतात, समोर कोण आहे त्यावर सगळं. मोठा बँड त्याच बुधवारी आला की तुमचं कितीही चांगलं गाणं दोन नंबरला. म्हणजे 'एक नंबर' ही पदवी गाण्याला मिळते तितकीच कॅलेंडरलाही मिळते.

दुसरी गोष्ट टायअप. जपानमध्ये त्या वेळी नुसतं गाणं म्हणून गाणं फार कमी निघायचं. कुठल्या तरी जाहिरातीला, मालिकेला, अ‍ॅनिमेला, गेमला ते बांधलेलं असायचं. नंतर टोकियोत नोकरीला होतो तेव्हा जुन्या सीड्यांच्या दुकानातून बोआची सिंगल्स गोळा करायचा नाद लागला होता, स्वस्तात मिळायची, कारण विकली गेली होती एवढी की दुकानदार वैतागलेले असायचे. त्यातलं एक समोर आहे आत्ता. डाव्या कडेला ओबी, म्हणजे कागदाची उभी पट्टी, जिच्यावर गाण्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात कुठल्या जाहिरातीचं गाणं आहे ते छापलंय. खाली किंमत, हजार येनच्या आसपास, रिलीजची तारीख, कॅटलॉग नंबर. आत बोआचं एक छोटं कार्ड, आणि मागच्या बाजूला कोणीतरी पेनने आपलं नाव लिहिलेलं, मग ते नाव खोडलेलं, विकायच्या आधी खोडलं असणार. अक्षर शाळकरी. हातात धरलं की कळतं की चार्टवरचा आकडा म्हणजे शेवटी हेच, कुठल्या तरी मुलीने खाऊच्या पैशातून हजार येन काढून दिलेत.

'व्हॅलेंटी' आलं २८ ऑगस्ट २००२ ला. दोन नंबर. माझ्या मते जपानमधल्या बोआची खरी ओळख हे गाणं आहे. लॅटिन ढंगाची गिटार, आणि नाच असा की सरळ उभं राहून श्वास घ्यायला जागाच नाही. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ती पहिल्यांदा कोहाकूत गेली आणि हेच गायली, नंतर २००७ पर्यंत दरवर्षी, सलग सहा वेळा. तिचे त्या काळचे लाइव्ह व्हिडिओ बघताना आवाज वाढवून ऐका. ओळ संपते, मान झटकते, आणि हेडसेट माइकमध्ये एक आखूड, जवळजवळ रागीट श्वास ऐकू येतो आणि लगेच पुढची ओळ, सुरात. तो श्वास कोणी स्टुडिओत बसून पुसलेला नाही. त्या वेळच्या जपानी आयडॉल संस्कृतीत मुलींनी गोड दिसायचं, थोडं चुकायचं, चुकलं की जीभ चावायची आणि फॅनने म्हणायचं किती प्रयत्न करतेय बिचारी. बोआकडे बिचारी म्हणायला कोणाला जागाच मिळाली नाही. प्रयत्न तिने आधीच कुठेतरी बंद खोलीत करून टाकलेले होते, त्या ११ ते १३ मध्ये. म्हणजे मघाशी मला जे पचत नाही म्हणालो तेच मला इथे टाळ्या वाजवायला लावतंय, आणि याचं काय करायचं मला खरंच माहीत नाही.

जानेवारी २००३ मध्ये 'व्हॅलेंटी' नावाचाच अल्बम, एक नंबर, दहा लाखांच्या वर. मग 'लव्ह अँड ऑनेस्टी', एक नंबर. फेब्रुवारी २००५ मध्ये 'बेस्ट ऑफ सोल', एक नंबर, पुन्हा दहा लाखांच्या वर. अल्बम एकामागून एक डोक्यावर, आणि सिंगल्स मात्र दोन, तीन, दोन, दोन, पाच अशी. एक नंबर काही हाताला लागेना. लागला तो शेवटी कितीतरी सिंगल्सनंतर, 'डू द मोशन' ला. आणि आता मजा बघा, एक नंबरवालं 'डू द मोशन' खपलं ते दोन नंबरवाल्या 'व्हॅलेंटी' पेक्षा कमीच. बाजारच उतरत होता, पोरं फोनवर गाणी उतरवून घ्यायला लागली होती, त्यामुळे २००५ मध्ये एक नंबरला जायला २००२ इतक्या सीडी लागायच्या नाहीत. आणि तो तिचा सिंगल्समधला एकमेव एक नंबर. त्यानंतर पुन्हा कधी नाही.

गाणं वाईट नाहीये. मऊ, जॅझी, ड्राइव्हला जाताना बरं. पण बोआचं एक गाणं सांगा म्हटल्यावर टोकियोतल्या एकाही माणसाने माझ्यासमोर 'डू द मोशन' चं नाव घेतलेलं नाही.

ते नाव घेतात 'मेरीकुरी' चं. १ डिसेंबर २००४, पाच नंबर. ख्रिसमसचं गाणं, हळू सुरू होतं, मग तारवाद्यं वर चढत जातात आणि शेवटी ती आवाज मोकळा सोडते. दरवर्षी नोव्हेंबरचा शेवट आला की सुपरमार्केटमध्ये, स्टेशनखालच्या दुकानांत, केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या काउंटरवर हे सुरू होतं. ऑफिसच्या वर्षअखेरच्या पार्टीनंतर कराओकेला गेलो की कोणीतरी लावतंच. आमच्यात एक बाई होत्या, अकाउंट्समधल्या, एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, त्या हे गाणं डोळे मिटून अख्खं गायच्या आणि शेवटच्या उंच जागेला सगळे टेबल वाजवायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, कोरियन गाणी आवडतात वाटतं तुम्हाला? त्यांना प्रश्नच कळला नाही. "कोरियन? हे बोआचं आहे की."

मी त्या उत्तरावर खूप विचार केलाय. 'हिवाळी सोनाटा' ही कोरियन मालिका एनएचके या जपानी वाहिनीवर आली ती २००३-०४ मध्ये, आणि एप्रिल २००४ मध्ये तिचा हिरो बे योंग-जून हानेदा विमानतळावर उतरला तेव्हा हजारो बायका त्याला बघायला आल्या होत्या. त्या मावश्या त्याच्यामुळे कोरियन शिकल्या, कोरियाला ट्रिपा करून आल्या. कोरियन असणं हेच त्याचं आकर्षण होतं. बोआ त्या लाटेच्या आधी आली आणि लाट आली तरी तिच्या बाजूला उभी राहिली नाही. तिच्या फॅन शाळकरी मुली होत्या, त्यांना कोरियाशी काही घेणंदेणं नव्हतं. झेंडे जळत असतानाही तिचं सिंगल एक नंबरला जाऊ शकलं ते म्हणूनच, मला वाटतं. तिला कोणी कोरियाच्या बाजूने मोजतच नव्हतं. याला विजय म्हणायचं का? कंपनीच्या हिशोबात शंभर टक्के. पण त्या मुलीच्या बाजूने बघितलं तर एवढं मोठं यश मिळालं ते आपण कुठून आलो हे लोकांच्या लक्षात न राहण्याच्या बोलीवर. शिवाय दुसऱ्या बाजूला कोरियात फॅन्स कुरकुरत होते की ही आता जपानचीच झाली. खरंच होतं ते, जून २००५ नंतर तिचा पुढचा कोरियन अल्बम आला थेट ऑगस्ट २०१० ला. पाच वर्षं!

फेब्रुवारी २००८ मध्ये 'द फेस' एक नंबरला गेला आणि पहिल्या अल्बमपासून सलग सहा स्टुडिओ अल्बम एक नंबर अशी तिची ओळ झाली, गायिकांमध्ये तोपर्यंत तिथे पोचलेलं दुसरं नाव फक्त हामासाकीचं. मग एस एम ने तिला अमेरिकेला पाठवलं. २००९ च्या मार्चमध्ये बिलबोर्ड २०० या तिकडच्या अल्बमच्या यादीत १२७ वा नंबर, कोरियन माणसाने त्या यादीत पाऊल ठेवायची ती पहिलीच वेळ, पण पुढे काही घडलं नाही. परत येऊन फेब्रुवारी २०१० मध्ये 'आयडेंटिटी' नावाचा अल्बम काढला तो चार नंबरला थांबला. ओळ तुटली.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारा, सप्टेंबरमध्ये गर्ल्स जनरेशन, असे दोन कोरियन मुलींचे ग्रुप जपानमध्ये उतरले आणि त्यांनी उलटंच केलं सगळं. कोरियात गाजलेली गाणी तशीच्या तशी, फक्त शब्द जपानी, नाच तोच, कपडे तेच, आणि पोस्टरवर मोठ्ठं के-पॉप. मुलींना आता कोरियनच हवं होतं, मेकअप कोरियन, जेवण कोरियन, टोकियोतल्या कोरियन वस्तीत, शिन-ओकुबोच्या गल्ल्यांमध्ये शनिवारी चालायला जागा उरली नाही. २०११ च्या कोहाकूत तीन कोरियन ग्रुप होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक स्वतः जाऊन त्या दोक्दो खडकांवर उभे राहिले आणि त्या डिसेंबरच्या कोहाकूत एकही कोरियन नाव नव्हतं, पुढची चार वर्षंही नव्हतं, ट्वाइस हा कोरियन मुलींचा ग्रुप येईपर्यंत, २०१७. कोरियन म्हणून आलात तर कोरियन म्हणून बाहेरही काढतात. बोआला २००५ मध्ये कोणी काढलं नव्हतं.

या दोन्हीतलं बरं कुठलं ते मला ठरवता येत नाही, आणि भाचीला तर हा प्रश्नच पडणार नाही, तिच्या पिढीत कोरियन गाणं कोरियनमध्येच गाऊन जगभर एक नंबरला जातं. पण तिने ऐकावीत म्हणून चार गाणी काढून ठेवलीत. आधी 'नंबर वन', कोरियन आणि जपानी दोन्ही पाठोपाठ, आवाज तोच आहे पण जपानीत ती जरा सावध आहे असं मला वाटतं, तिला वाटतंय का बघू. मग 'व्हॅलेंटी', पण लाइव्हच, ऑडिओ नको. मग 'एव्हरी हार्ट'. आणि 'मेरीकुरी', त्याला डिसेंबरची वाट बघायची काही गरज नाही, पुण्याच्या मे महिन्यात पंख्याखाली बसूनही चालतं. 'डू द मोशन' ऐकलं नाही तरी चालेल, ते एक नंबर होतं एवढं लक्षात ठेवलं की झालं.